तीन मिनिटं रसिकाची

नमस्कार श्रोतेहो.

संगीताच्या चाहत्यांसाठी हल्ली व्हिडिओ ब्लॉगच्या स्पर्धा निघतात. गाणाऱ्यांच्या नव्हेत, ऐकणाऱ्यांच्या. तुम्हाला कोणतं संगीत आवडतं, त्यात काय आवडतं, ते दोन-तीन मिनिटांच्या व्हिडिओत सांगा, असं आवाहन असतं. अशी प्रवेशिका नाशकातल्या घरात, हाताशी आहे त्या मोबाइलवर कशी तयार करायची, ते आज पाहू. कागद-पेन्सिल जवळ ठेवा, आकडे बरेच येतील.

बहुतेक प्रवेशिका कॅमेरा सुरू होण्याआधीच फसतात, कारण चाहता आवडत्या कलाकाराचं चरित्र सांगत बसतो. जन्म कुठे, गुरू कोण, पुरस्कार किती. परीक्षकांना ते सगळं कुठेही वाचायला मिळतं. न मिळणारी गोष्ट एकच, ती म्हणजे तुम्ही ते गाणं कसं ऐकता. म्हणून एखाद्या रचनेतली पंधरा-वीस सेकंदांची एकच जागा निवडा आणि ती समोरच्याला ऐकू येईल असं करा. ‘मला पखवाज फार आवडतो’ हे वाक्य कुणीही बोलेल. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वरी येतात, त्या वेळी पखवाजाची लय चढते तसे टाळ कसे बदलतात, हे ज्यानं कान देऊन ऐकलंय तोच दाखवू शकतो. नाशिक ढोलाबद्दल बोलायचं असेल तर त्याच्या इतिहासात शिरू नका. ताशाची तडतड थांबते आणि ढोल एकदम एकत्र उठतात, तेवढाच क्षण घ्या.

तीन मिनिटं कमी वाटत असतील तर जुन्या तबकड्या आठवा. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळायची. त्यात राग उभा राहायचा, ताना व्हायच्या आणि शेवटी गायिका स्वतःचं नावही सांगायची.

आता वेळेचा हिशेब. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद. संगीताची जागा दोनदा ऐकवायची, प्रत्येकी २० सेकंद, म्हणजे ४० गेले. नावं आणि श्रेयांना १०. आणखी १० सेकंद नुसते, श्वास घ्यायला. बोलायला उरले १२० सेकंद. सावकाश, स्पष्ट मराठी बोलताना मिनिटाला साधारण ११५ शब्द होतात, म्हणजे तुमची संहिता २३० शब्दांची. लिहून काढा आणि घड्याळ लावून मोठ्यानं वाचा. मनात वाचलं तर वेळ नेहमी कमी भरतो. नियमावलीत एक गोष्ट आवर्जून बघा: दिलेल्या वेळेत श्रेयनामावली धरली आहे का? सहसा धरलेली असते, आणि चार सेकंदांनी जास्त झालेली प्रवेशिका पाहिलीही जात नाही.

‘नमस्कार मित्रांनो, माझं नाव अमुक, मी नाशिकचा’ यात सात-आठ सेकंद जातात. नाव पडद्यावर लिहा आणि पहिलं वाक्य थेट त्या जागेबद्दल बोला.

जागा दाखवायची कशी? समजा तुम्हाला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, येण्याची गंमत दाखवायची आहे. तीनताल घ्या, सोळा मात्रांचा, म्हणजे सोळा ठोक्यांचा. मिनिटाला साठ मात्रांची लय धरली तर एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, बरोबर १६ सेकंदांचं होतं. पहिलं आवर्तन नुसतं ऐकवा. दुसऱ्या वेळी पडद्यावर एक ते सोळा आकडे चालवा, नवव्या मात्रेवर ‘खाली’, म्हणजे टाळी न देण्याची मात्रा, आली की आकड्याचा रंग फिका करा, सम आली की ठळक. संगीत न शिकलेला माणूसही दुसऱ्या खेपेला समेवर मान हलवतो. विलंबित एकताल मात्र घेऊ नका. बारा मात्रा, प्रत्येक मात्रा चार-पाच सेकंदांची. एकाच आवर्तनात मिनिटभर जातं आणि बोलायला काही उरत नाही. अभंगाचं उलट आहे. भजनी ठेका आठ मात्रांचा, मिनिटाला १२० च्या लयीत चार सेकंदांत आवर्तन संपतं. तिथे आकडे पळतात, डोळ्याला झेपत नाहीत. फक्त समेला एक ठिपका पुरतो.

हे संगीत आणायचं कुठून, हा प्रश्न बहुतेक जण शेवटी विचारतात. तो पहिल्याच दिवशी सोडवा, कारण इथे चूक झाली तर पुढचं सगळं काम पाण्यात.

भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झालेलं वर्ष संपल्यापासून साठ वर्षं राहतो. १९६० साली निघालेल्या तबकडीवरचा हा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. पण थांबा, गाण्याचे शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे. ते कवीच्या आणि संगीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षं चालतात. म्हणजे तबकडी मोकळी, पण गाणं मोकळं नाही, असं होऊ शकतं. तुकोबांच्या अभंगाचे शब्द सगळ्यांचे. त्याला एखाद्या संगीतकारानं लावलेली चाल मात्र त्याची.

‘दहा सेकंद वापरलं तर चालतं’ असं छातीठोक सांगणारे बरेच भेटतील. कायद्यात असा सेकंदांचा आकडा कुठेही नाही. कलम ५२ समीक्षेसाठी, परीक्षणासाठी वाजवी वापराची मुभा देतं, आणि तुमचा व्हिडिओ खरोखर त्या जागेबद्दल बोलत असेल तर तुमची बाजू बळकट होते. पण यूट्यूबवरची स्वयंचलित तपासणी कायदा वाचत नाही, ती फक्त आवाज जुळवते. जुळला की दावा येतो. मग व्हिडिओवरच्या जाहिरातीचे पैसे हक्कधारकाकडे जातात किंवा व्हिडिओ काही ठिकाणी दिसेनासाच होतो. पैशांचं सोडा, परीक्षकांनी दुवा उघडला आणि पडदा काळा, ही खरी अडचण. ‘सर्व हक्क मूळ मालकांकडे’ असं खाली लिहिल्यानं काही फरक पडत नाही. कराओके ट्रॅकही कुणाच्या तरी मालकीचा असतो, हेही लक्षात असू द्या.

यावर सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे ती जागा स्वतः वाजवणं किंवा ओळखीच्या वादकाकडून वाजवून घेणं. नाशकात तबला शिकवणारे, भजनी मंडळात पखवाज धरणारे गल्लोगल्ली आहेत. पारंपरिक ठेका असेल तर चालीच्या हक्काचा प्रश्नच येत नाही. वादकाची लेखी संमती घ्या. साध्या कागदावर त्याचं नाव, तारीख, कोणत्या स्पर्धेसाठी, आणि व्हिडिओ इंटरनेटवर राहणार आहे हे वाक्य, खाली सही. पिंपळपारावरची पाडवा पहाट असो की कालिदास कलामंदिरातली मैफल, तिथे गुपचूप फोन उंचावून केलेलं चित्रण प्रवेशिकेत वापरू नका. कलाकाराचा आपल्या सादरीकरणावर हक्क असतो. आयोजक आणि कलाकार, दोघांना विचारायला हवं.

आता आवाज. चित्र थोडं डावं असलं तरी परीक्षक सांभाळून घेतील. संगीताच्या स्पर्धेत आवाज फाटला, तर नाही.

मोबाइल हा बोलण्यासाठी बनवलेला आहे, संगीतासाठी नव्हे. त्यामुळे दोन गोष्टी घडतात. पहिली, सलग चालणारा आवाज त्याला पंख्याची घरघर वाटते आणि तो दाबतो. तानपुरा सलग चालतो. म्हणून खोलीत छान ऐकू येणारा तानपुरा चित्रणात विरघळल्यासारखा होतो, किंवा गाणं थांबलं की गायब आणि सुरू झालं की परत, असा लपाछपी खेळतो. यावर उपाय, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये नॉइज रिडक्शन किंवा व्हॉइस फोकस असं काही असेल ते बंद करा. वायरलेस कॉलर माइक वापरत असाल तर त्यावरही तसं बटण असतं, तेही बंद. एवढ्यानंही भागलं नाही तर संगीत दुसऱ्या फोनवर ध्वनिमुद्रणाच्या अ‍ॅपमध्ये, वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या, स्वरूपात घ्या.

दुसरी गोष्ट, फोन आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करतो. ढोलावर टिपरू पडलं की तो घाबरून सगळं खाली ओढतो आणि पुढचा अर्धा-एक सेकंद ताशा बसल्यासारखा येतो. शिवाय ढोल फार जवळ असेल तर आवाजाच्या लहरीचा माथाच कापला जातो. त्याची खरखर नंतर आवाज कमी करून जात नाही. कापलेलं परत येत नाही. म्हणून अंतर वाढवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की पातळी सहा डेसिबलनं उतरते. पाच फुटांवरून चाळीस फुटांवर गेलात की अठरा डेसिबल कमी. जुन्या नाशकातल्या अरुंद गल्लीत हे गणित पुरं पडत नाही, दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून आवाज परत येतो. तिथे चौक गाठा आणि पथक गल्लीतून बाहेर येताना घ्या. पातळी हातानं ठरवता येणारं अ‍ॅप असेल तर सगळ्यात मोठ्या ठोक्याला काटा उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका; शून्य ही त्या काट्याची कमाल मर्यादा. आणि मिरवणुकीत उभं राहून ओरडत निवेदन करू नका. तिथे फक्त वाजवणं घ्या, बोलणं घरी.

घरचं निवेदन घेताना गंगापूर रोडच्या नव्या फ्लॅटमध्ये एक वेगळीच अडचण येते. गुळगुळीत फरशी, रिकाम्या भिंती, काचेच्या खिडक्या, आवाज घुमतो. तुमचा आवाज समोर जातो आणि समोरच्या भिंतीवरून माइकमध्ये परततो. म्हणून गोधडी पाठीमागे नव्हे, फोनच्या मागे टांगा. कपड्यांचं उघडं कपाट समोर असेल तर तेही चालतं. पंखा बंद, फ्रिज तेवढ्यापुरता बंद, फोन एअरप्लेन मोडवर. शेजारच्या कुकरच्या शिट्टीवर तुमचा ताबा नाही, तेव्हा सकाळचे डब्यांचे तास टाळा. वायरचा साधा कॉलर माइक हजार रुपयांच्या आत मिळतो आणि फोनच्या माइकपेक्षा कितीतरी बरा असतो. हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावा. कडक इस्त्रीचा कुडता, जरीचा पदर, मंगळसूत्राचे मणी, हे सगळं माइकवर घासतं आणि ऐकताना उंदीर कुरतडतोय असं वाटतं. बोलण्याचे उंच बिंदू उणे बारा ते उणे सहा डेसिबलच्या मध्ये ठेवा. बोलून झालं की लगेच बंद करू नका. गप्प बसून खोलीची तीस सेकंदांची शांतता घ्या. संकलनात दोन वाक्यांमधल्या फटी तिनंच भरायच्या असतात.

आवाज वेगळ्या फोनवर घेतलात तर सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. चित्रात तळवे भिडतात ती फ्रेम आणि आवाजातला टोक असलेला ठोका, दोन्ही जुळवले की काम झालं. तरीही दोन मिनिटांनी ओठ आणि आवाज सुटे होऊ लागले, तर दोष फोनचा. बरेच फोन सेकंदाला कधी २९, कधी ३० चित्रं घेतात. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात फ्रेम रेट कॉन्स्टंट करून घ्या आणि मगच संकलनाला बसा.

चित्राकडे थोडक्यात. फोन आडवा की उभा, ते नियमावली सांगेल. आडवा तर १९२० बाय १०८०, उभा तर १०८० बाय १९२०. उभ्या व्हिडिओत खालच्या आणि उजव्या कडेवर अ‍ॅपची बटणं येतात, तिथे काही लिहू नका. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्‌झची आहे, म्हणून दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. फोन तीस फ्रेम आणि एक-साठांश सेकंद शटरवर असेल तर ट्यूबलाइटखाली पट्टे पळताना दिसतात. फ्रेम रेट २५ आणि शटर एक-पन्नासांश ठेवा; शटर हाती नसेल तर सेटिंगमध्ये फ्लिकर ५० हर्ट्‌झ शोधा. त्याहून सोपं म्हणजे दिवसा खिडकीकडे तोंड करून बसा आणि दिवे मालवा. एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, चेहऱ्यावर बोट दाबून कुलूपबंद करा, नाहीतर मान हलली की चित्र उजळतं आणि काळवंडतं.

गोदाघाटावर चित्रण करायचा मोह सगळ्यांना होतो. करा, पण सूर्य बघून. रामकुंडाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते, त्यामुळे पंचवटी पूर्वेच्या काठावर. सकाळी सरकारवाड्याच्या बाजूला उभं राहून पंचवटीची देवळं पाठीशी घेतलीत तर सूर्य थेट लेन्समध्ये आणि तुमचा चेहरा काळा. हीच चौकट संध्याकाळी उत्तम दिसते, कारण उतरतं ऊन चेहऱ्यावरही पडतं आणि देवळांवरही. सकाळीच जायचं असेल तर तोंड पंचवटीकडे करा. मात्र घाटावर आवाज घेऊ नका. घंटा आणि वारा एक वेळ चालेल, पण कुठून तरी लाउडस्पीकरवर चित्रपटगीत सुरू असतं, आणि यूट्यूबची तपासणी पाठीमागचं ते गाणंही पकडते. देवळाच्या आत चित्रण करायचं तर आधी विचारा. ड्रोनचा विचार परवानगीशिवाय करूच नका.

संकलनाला संगणक असेल तर दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती भरपूर झाली. फोनवर किनेमास्टर सोपं आहे, पण त्याच्या मोफत आवृत्तीत शिक्का उमटतो आणि काही स्पर्धांना तो चालत नाही. आवाज साफ करायला ऑडॅसिटी. निवेदनाखाली संगीत ठेवायचं तर ते बोलण्यापेक्षा अठरा-वीस डेसिबलनं खाली हवं. खरं तर ठेवूच नये. ज्या जागेवर बोट ठेवायचंय, तिच्याआधी दीड सेकंद पूर्ण गप्प बसा आणि मग ती पूर्ण आवाजात येऊ द्या. मागे सतत सूर वाजत राहिला तर महत्त्वाची जागा वेगळी कळतच नाही.

शीर्षकांत मराठीचे हाल होतात. काही अ‍ॅपमध्ये जोडाक्षरं सुटतात आणि रफार भलत्याच अक्षरावर जातो. पाट्या टाकण्याआधी ‘बऱ्याच’, ‘कुऱ्हाड’, ‘पूर्वार्ध’ आणि ‘कृष्ण’ हे चार शब्द टंकून बघा. चारही नीट उमटले तर तो टंक, म्हणजे फॉन्ट, घ्या, नाहीतर मुक्ता, बालू किंवा नोटो सान्स देवनागरी उतरवून घ्या. तिन्ही मोफत आणि वापरायला मोकळे. एका वेळी दोन ओळी, ओळीत पस्तीसच्या आसपास अक्षरं.

पाटीवरची प्रत्येक तारीख छापील पुस्तकातून तपासा. नाशिकचा रसिक गायक विष्णु दिगंबर पलुस्करांबद्दल बोलणार हे गृहीतच धरा, आणि तिथेच घोटाळे होतात. विष्णु दिगंबरांनी गांधर्व महाविद्यालय १९०१ साली काढलं ते लाहोरला, नाशिकला नव्हे. नाशिकचा संबंध नंतरचा, पंचवटीतल्या रामनाम आधार आश्रमाचा. आणि १९३१ साली ते गेले ते मिरजेला.

फाइल काढताना १०८०, २५ फ्रेम, व्हिडिओ दाबण्याची पद्धत एच-२६४, बिटरेट सेकंदाला आठ मेगाबिट, आवाज ४८ किलोहर्ट्‌झ. तीन मिनिटांची फाइल साधारण १८० एमबीची होते. अपलोडचा वेग सेकंदाला पाच मेगाबिट असेल तर ती चढायला पाच मिनिटं लागतात. शेवटच्या रात्री सगळेच चढवत असतात, तेव्हा किती लागतील सांगता येत नाही. दोन दिवस हाताशी ठेवा. मित्राला किंवा संकलकाला क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवली की चित्र आणि आवाज दोन्ही दबतात. यूट्यूबवर चढल्या चढल्या चित्र अंधुक दिसेल, घाबरून काढून टाकू नका. स्पष्ट आवृत्ती तयार व्हायला थोडा वेळ जातो. स्पर्धेला दुवा द्यायचा तर व्हिडिओ अनलिस्टेड, म्हणजे फक्त दुवा असलेल्याला दिसणारा, किंवा पब्लिक ठेवा. प्रायव्हेट ठेवलात तर परीक्षकांना उघडणारच नाही. ड्राइव्हवर ठेवला असेल तर दुवा असलेल्या कुणालाही पाहता येईल, असा पर्याय निवडा. मग तो दुवा ज्याच्या फोनवर तुमचं खातं नाही अशा माणसाला पाठवा, आणि त्याला इयरफोन लावून शेवटच्या सेकंदापर्यंत ऐकायला सांगा. इयरफोनच्या दोन्ही बाजूंनी आवाज येतोय का, हे त्याला मुद्दाम विचारा. कॉलर माइकचा आवाज पुष्कळदा एकाच कानात येतो. तसं झालं असेल तर संकलनात जाऊन त्या ट्रॅकला मोनो, म्हणजे दोन्ही कानांत सारखा, करा, फाइल पुन्हा काढा आणि नवा दुवा भरा.